उमेदवारी ते इंटर्नशिप : शिकता शिकता काम करण्याच्या परंपरेचा मागोवा

प्रास्ताविक

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आणि त्यापाठोपाठ विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला पदवी अभ्यासक्रमाचा आराखडा यांमुळे ‘इंटर्नशिप’ हा शब्द आपल्या महाविद्यालयांच्या वेळापत्रकात येऊन बसला. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही काही आठवडे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घालवून त्याची श्रेयांके मिळवायची आहेत. त्यामुळे प्राध्यापकांपुढे एक अडचण उभी राहिली आहे. वाणिज्य किंवा तंत्रशाखेच्या मुलांना कुठे पाठवायचे हे निदान ठाऊक असते. उर्दू, मराठी, इतिहास, अरबी शिकणाऱ्या मुलामुलींना कुठे पाठवायचे? ज्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीपर्यंत पोचले आहे, त्या घरातील मुलाला दार कोण उघडून देणार?

प्रश्न नव्या शब्दात आला असला तरी तो जुना आहे. आपल्या भाषेत या गोष्टीला स्वतंत्र शब्द होता : उमेदवारी. तिचा इतिहास पाहिला की एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. तरुणाला लवकर काम पाहायला मिळणे ही परंपरा आपल्याकडे कधीच तुटली नव्हती. मात्र ती ज्या ज्या वेळी केवळ घराणे आणि कचेरी यांच्या हाती राहिली, त्या त्या वेळी तिचा वशिला झाला किंवा फुकट राबवणूक झाली. विद्यार्थी आणि काम यांच्या मध्ये जेव्हा एखादी संस्था व एखादा शिक्षक उभा राहिला, तेव्हाच तिचे शिक्षण झाले. प्रस्तुत लेखात हा प्रवास काही ठळक उदाहरणांच्या आधारे मांडला आहे.

शब्दांची साक्ष

‘उमेद’ हा शब्द फारसी. उर्दूत आपण ‘उम्मीद’ म्हणतो तो हाच. त्याला ‘वार’ जोडून झालेला ‘उमेदवार’ म्हणजे आशा धरून बसलेला. मराठीने हा शब्द घेतला आणि त्याला स्वतःचे वळण दिले. मराठीत उमेद म्हणजे नुसती आशा नव्हे, अंगातली धमकही. म्हणूनच ‘उमेदीची वर्षे’ हा प्रयोग मराठीत सहज होतो. आज उमेदवार म्हटले की निवडणुकीला उभा असलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. परंतु दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत ‘अमका अमक्या वकिलाकडे उमेदवारी करतो’ असे म्हटले, की तो काम शिकतो आहे, पगार अजून सुरू झालेला नाही, पण पुढे काहीतरी मिळेल या आशेवर आहे, एवढा सगळा अर्थ ऐकणाऱ्याला कळत असे.

याच कुळातील आणखी काही शब्द पाहण्यासारखे आहेत. ‘कारकून’ म्हणजे फारसीत काम करणारा. ‘शागीर्द’ आणि ‘उस्ताद’ यांना मराठीने जसेच्या तसे घरात घेतले. ‘वशिला’ हा शब्द मात्र बदलला. अरबी ‘वसीला’ म्हणजे साधन, जवळ पोचण्याचे माध्यम; धार्मिक वाङ्मयात या शब्दाला मोठी प्रतिष्ठा आहे. मराठीत त्याचा अर्थ आकसला आणि ओळखीच्या जोरावर साधलेले काम तेवढे उरले. उमेदवारी आणि वशिला हे दोन शब्द मराठीत शेजारी शेजारी नांदले, याला कारण आहे. आशा धरणारे पुष्कळ होते. पोचण्याचे साधन थोड्यांकडेच होते.

दफ्तर, मतब आणि मश्क

मराठेशाहीच्या दफ्तरात लिहिणारा माणूस कुठल्या विद्यालयातून तयार होऊन येत नसे. तो दफ्तरातच तयार होई. जाणत्या कारकुनाशेजारी बसून मोडी वळवायची, पत्रांच्या नकला करायच्या, कोणाला कोणता मायना लिहायचा हे पाठ करायचे, मग जमाखर्चाकडे वळायचे असा तो क्रम होता. कारकुनाने काय जाणले पाहिजे हे सांगणारी ‘मेस्तके’ही लिहिली गेली. फारसी दफ्तरांत हेच काम ‘इन्शा’च्या ग्रंथांनी केले. नमुन्याची पत्रे वाचायची, त्यांवर हात बसवायचा आणि मग मुन्शीच्या देखरेखीखाली खरे पत्र लिहायचे.

यूनानी वैद्यकात याहून नेमकी पद्धत होती. शागीर्द हकीमसाहेबांच्या मतबात बसे. हकीम नाडी पाहून औषधे तोंडाने सांगत आणि शागीर्द ती कागदावर उतरवून घेई. याला नुस्खानवीसी म्हणत. वरवर पाहता हे लेखनिकाचे काम. परंतु रोज अनेक रुग्णांचे नुस्खे लिहिता लिहिता कोणत्या लक्षणाला कोणते औषध, कोणत्या प्रकृतीला काय वर्ज्य, हे अंगी मुरत जाई. खुशनवीसीत तख्तीवर मश्क आणि तिच्यावर उस्तादाची इस्लाह हा परिपाठ होता. ‘इस्लाह’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. इस्लाह म्हणजे दुरुस्ती, सुधारणा. शागीर्दाने केलेल्या कामावर उस्तादाचा हात फिरल्याशिवाय ते काम शिक्षण होत नसे.

या सर्व पद्धतींत तीन गोष्टी समान होत्या. काम खरे होते, त्यावर इस्लाह होती आणि पायरी पायरीने जबाबदारी वाढत होती. उणीवही समान होती. फडणिशी, कुलकर्ण, काजीपद यांसारखी कामे बहुधा घराण्यात चालत. कारागिराचा मुलगा कारागीर होई. शिकण्याची पद्धत उत्तम, पण दार जन्माने ठरलेले. शिवाय अशा व्यवस्थेत ‘मला काय आवडेल, मला काय जमेल’ हा प्रश्न मुलाला पडण्याचे कारणच नव्हते.

कचेरीतील बिनपगारी माणूस

१८१८ नंतर कंपनी सरकारच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. नोकऱ्या नव्या होत्या, पण शिरण्याची वाट जुनीच राहिली. कचेरीत वर्षानुवर्षे बिनपगारी नकला करीत बसणारा आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा उमेदवार हे त्या काळाचे परिचित चित्र होते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाने (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) या शब्दाची दखल घेतली, यावरून तो किती रुळलेला होता हे कळते.

या उमेदवारीतून कामाची माहिती होई यात शंका नाही. परंतु दोन प्रश्न तेव्हाही होते आणि आजही आहेत. पहिला असा की पगाराविना वर्ष-दोन वर्षे काढणे कोणाला परवडते? ज्याच्या घरी शेतीवाडी आहे किंवा ज्याचा काका त्याच कचेरीत आहे त्याला. विणकराच्या, बागवानाच्या, मोलकरणीच्या मुलाला नाही. दुसरा प्रश्न नीतीचा. ज्याला पगार नाही त्याने पक्षकाराकडून चार पैसे घेतले, तर दोष त्याचा की व्यवस्थेचा? बिनपगारी उमेदवारीने गरिबाला बाहेर ठेवले आणि जो आत आला त्याला पहिला धडा लाचेचा दिला.

दिल्ली कॉलेज : वर्गातून निघालेले काम

संस्थेने मध्ये उभे राहण्याचे एक ठळक उदाहरण म्हणजे दिल्ली कॉलेज. गाजिउद्दीन मदरशाच्या वास्तूत १८२५ मध्ये या कॉलेजची सुरुवात झाली. येथे पाश्चात्त्य गणित व विज्ञान उर्दूतून शिकवले जाई आणि विद्यार्थ्यांना वजीफा मिळे. उर्दूत पाठ्यपुस्तके नव्हती. १८४० नंतरच्या दशकात प्राचार्य बुत्रो आणि त्यांच्यानंतर श्प्रेंगर यांच्या काळात देशी भाषांतील अनुवादासाठी सोसायटी काम करू लागली आणि कॉलेजचे शिक्षक व वरच्या वर्गातील विद्यार्थी अनुवादाला बसले. जे शिकायचे तेच भाषांतरित करायचे, आणि जे भाषांतरित केले ते पुढच्या वर्गाने वापरायचे. विद्यार्थ्याचे काम कपाटात पडून राहणार नव्हते; कोणीतरी त्याची वाट पाहत होते.

याच कॉलेजात शिकून तेथेच गणित शिकवणारे मास्टर रामचंद्र यांनी १८४५ मध्ये ‘फवायदुन्नाजिरीन’ आणि १८४७ मध्ये ‘मुहिब्ब-ए-हिंद’ ही नियतकालिके काढली. त्यांचा गणितावरील ग्रंथ १८५० मध्ये कलकत्त्यात निघाला आणि ऑगस्टस डी मॉर्गन यांनी तो १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा प्रसिद्ध केला. त्यांच्या हाताखाली शिकलेले जकाउल्लाह पुढे उर्दूतील गणित व इतिहासाचे मोठे ग्रंथकार झाले. नजीर अहमद यांनी शिक्षक, मग शाळातपासनीस अशा पायऱ्या चढत भारतीय दंडसंहितेच्या उर्दू अनुवादात मोठा वाटा उचलला, ‘मिरातुल उरूस’ (१८६९) ही कादंबरी लिहिली आणि पुढे हैदराबाद संस्थानच्या सेवेत काही वर्षे काढली. मुहम्मद हुसैन आजाद यांची वाट वडिलांच्या छापखान्यातून आणि वृत्तपत्रातून गेली.

या तिघांकडे केवळ साहित्यिक म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. प्राध्यापकाच्या दृष्टीने पाहिले तर भाषेच्या विद्यार्थ्यापुढे किती वाटा असू शकतात याचा तो नकाशा आहे : अध्यापन, पाठ्यपुस्तके, कायद्याचे भाषांतर, पत्रकारिता, प्रशासन. १८५७ च्या धामधुमीत कॉलेज लुटले गेले, प्राचार्य टेलर मारले गेले आणि आजाद यांचे वडील मौलवी मुहम्मद बाकर यांना इंग्रजांनी मृत्युदंड दिला. पण कॉलेजने तयार केलेली माणसे उरली.

बडोदे : कलाभवन आणि बंद दरवाजा

सयाजीराव गायकवाड यांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन सुरू केले. त्याचे पहिले प्रमुख रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला, वास्तुकला असे विषय येथे एका छपराखाली आले आणि देशी भाषांतून शिकवण्यावर गज्जर यांचा भर होता. कारागिराच्या मुलाला इंग्रजी येत नाही म्हणून रसायनशास्त्र बंद, हे त्यांना मान्य नव्हते.

कलाभवनाचे वैशिष्ट्य असे की तेथे एका वाटेने आलेला विद्यार्थी दुसऱ्या वाटेने बाहेर पडू शकत होता. धुंडिराज गोविंद फाळके चित्रकला शिकायला आले. गज्जर यांनी त्यांना छायाचित्रणाची प्रयोगशाळा मोकळी करून दिली आणि छपाईच्या प्रक्रिया त्यांनी तेथे हाताळल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तो १९१३ मध्ये, म्हणजे दोन तपांनंतर. आपण कशासाठी तयार होत आहोत हे त्या वेळी त्या तरुणाला ठाऊक असणे शक्यच नव्हते, कारण तो व्यवसायच अस्तित्वात नव्हता. पुढे १९०७ मध्ये गज्जर यांच्या मार्गदर्शनाखाली कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन या त्यांच्या शिष्यांनी अलेंबिक हा रासायनिक कारखाना उभारला. कलाभवन स्वतः १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाले.

याच बडोद्याने या इतिहासाची दुसरी बाजूही दाखवली. १९१३ मध्ये संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करायची असा करार होता. त्यानुसार १९१७ मध्ये ते बडोद्यात रुजू झाले. राजाने दार उघडले होते, पदवी होती, नेमणूक होती. पण कचेरीतल्या लोकांनी त्यांना माणूस म्हणून वागवले नाही आणि गावाने राहायला जागा दिली नाही. एका पारशी धर्मशाळेत काढलेल्या थोड्या दिवसांचा शेवट काठ्या घेऊन आलेल्या जमावाने केला. त्यांना बडोदे सोडावे लागले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

विद्यार्थ्याला कामाच्या ठिकाणी पाठवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा असे मला वाटते. पत्र देऊन पाठवले की आपले काम संपत नाही. त्या ठिकाणी त्याला खुर्ची मिळते का, त्याच्या नावावरून, पेहरावावरून, वस्तीच्या पत्त्यावरून त्याला कसे वागवले जाते, राहण्याची सोय कुठे होते, हे पाहणेही त्या कामाचाच भाग आहे.

हैदराबाद : भाषेच्या पदवीधराला पगार

१९१७ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचा निर्णय झाला आणि वर्ग सुरू होण्याआधी त्याच वर्षी ‘दारुत्तर्जुमा’ म्हणजे अनुवाद विभाग उभा राहिला. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा, तत्त्वज्ञान हे सारे उर्दूतून शिकवायचे असल्याने पुस्तके हवी होती आणि पुस्तकांसाठी परिभाषा हवी होती. परिभाषेच्या समित्यांत विषयाचा जाणकार आणि भाषेचा जाणकार शेजारी बसत. अब्दुल माजिद दर्याबादी, जोश मलीहाबादी अशी माणसे उमेदीच्या वयात येथे काम करून गेली. खुद्द अब्दुल हक यांचा बराच काळ औरंगाबादेत गेला. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दूचे कार्यालयही १९३८ पर्यंत तेथेच होते. मराठवाड्याच्या भूमीवर झालेले हे कोशांचे व परिभाषेचे काम आपल्याकडे पुरेसे ओळखले जात नाही.

दारुत्तर्जुमाचे महत्त्व असे की भाषा आणि मानव्यविद्या शिकलेल्या तरुणाला त्याच्याच विद्येचे, पगारी आणि उपयोगाचे काम मिळू शकते हे तेथे सिद्ध झाले. तिची मर्यादाही स्पष्ट आहे. सारा डोलारा एकाच आश्रयावर उभा होता. १९४८ नंतर राज्य बदलले, विद्यापीठाचे माध्यम बदलले आणि ही वाट बंद झाली. एकाच दाराशी बांधलेली उमेदवारी ते दार बंद झाले की संपते.

वर्ध्यापासून श्रेयांकांपर्यंत

याच हैदराबादेत १८९७ मध्ये जन्मलेले डॉ. जाकिर हुसैन १९२६ पासून जामिया मिल्लिया इस्लामियाचे प्रमुख होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले. हस्तव्यवसायाच्या द्वारे शिक्षण ही महात्मा गांधींची कल्पना या समितीने अभ्यासक्रमात उतरवली. मुलांच्या हातच्या कामातून शाळेचा खर्च निघावा या कल्पनेवर तेव्हा मोठा वाद झाला. शाळेचा कारखाना होईल, ही भीती निराधार नव्हती. काम शिक्षणासाठी की शिक्षण कामासाठी, हा प्रश्न तेथे उघडपणे विचारला गेला, हा त्या वादाचा लाभ.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला. इंग्रजी ‘अप्रेंटिस’साठी मराठीने पुन्हा ‘उमेदवार’ हाच शब्द वापरला आणि या वेळी त्याला कायद्याने विद्यावेतन जोडले गेले. बिनपगारी उमेदवाराच्या दीर्घ इतिहासात हा मोठा टप्पा होय. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्यात आले. कला-वाणिज्याच्या पदवीधरांना मात्र २०१४ च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ हा विषय सुचवला. शाळांत तो पुष्कळदा कागदी फुले आणि खडू तयार करण्यावर थांबला, हे आपण जाणतो. २०२४ मध्ये पंतप्रधान इंटर्नशिप योजना दरमहा ५,००० रुपये विद्यावेतनासह सुरू झाली, परंतु पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना तीत स्थान ठेवले नव्हते. महाविद्यालयात शिकत असलेल्या मुलाची सोय पुन्हा महाविद्यालयावरच आली.

आपल्यापुढील काम

सच्चर समितीच्या नोव्हेंबर २००६ च्या अहवालाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे दाखवले की देशात वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवीधर सुमारे ७ टक्के, तर मुस्लिमांत ४ टक्क्यांहून कमी होते. जो थोडा वर्ग पदवीपर्यंत पोचतो, त्याच्या घरी वकील काका किंवा बँकेतील मामा असण्याची शक्यता कमी. तेव्हा त्याच्यासाठी ‘वसीला’ या शब्दाचा मूळ अर्थ महाविद्यालयालाच परत आणावा लागेल. इतिहासातून मला चार गोष्टी निघताना दिसतात.

१) काम खरे असावे. दिल्ली कॉलेजप्रमाणे ज्याची कोणालातरी गरज आहे असेच काम निवडावे. आपल्या उर्दू-मराठी मुलांजवळ दुर्मीळ गोष्ट आहे, ती म्हणजे दोन लिपी. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने न्या. संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी निजामकालीन कागद तपासणे सुरू झाले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती टंचाई आहे हे सर्वांनी पाहिले. गायकवाड, होळकर, शिंदे यांची दफ्तरे मोडीत आहेत. हैदराबादच्या तारनाका येथील अभिलेखागारात फारसी-उर्दू कागदांचा मोठा साठा आहे. जमिनीचे जुने व्यवहार, वक्फची कागदपत्रे, न्यायालयातील भाषांतर ही सारी कामे वाचणाऱ्याची वाट पाहत आहेत. मोडी आणि शिकस्ता वाचनाचा एक सत्राचा वर्ग आणि त्याला जोडून अभिलेखागारात महिनाभराचे काम, ही उर्दू-मराठी विभागाची स्वतःची इंटर्नशिप होऊ शकते.

२) इस्लाह व्हावी. विद्यार्थ्याने आठवड्याला एकदा आपल्या भाषेत कामाची टिपणे लिहावीत आणि शिक्षकाने ती वाचून त्यावर बोलावे. शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्रापेक्षा या टिपणांतून ‘हे काम मला जमेल का’ या प्रश्नाचे उत्तर अधिक खरे मिळते. ‘जमणार नाही’ हे उत्तर एकोणिसाव्या वर्षी मिळाले तर तोही लाभच समजावा.

३) भाकरीची सोय असावी. जो मुलगा संध्याकाळी दुकानात उभा राहून फी भरतो, त्याला बिनपगारी सहा आठवडे सांगणे म्हणजे कचेरीतल्या जुन्या उमेदवारीत परत ढकलणे होय. माजी विद्यार्थी, अंजुमने, जकातीचे निधी यांतून पात्र मुलांना निदान प्रवास व जेवणाचा खर्च मिळावा. जो आधीच एखादे काम करतो आहे, त्याच कामाला टिपणे व देखरेख जोडून श्रेयांके देता येतील का, हेही विद्यापीठाला विचारावे. मुलींसाठी अंतर, वेळ आणि सोबत यांचा विचार सुरुवातीलाच व्हावा. अन्यथा घरूनच नकार येतो आणि तो नकार आपण मुलीच्या अनिच्छेच्या खाती मांडतो.

४) दारे अनेक असावीत. उस्मानियाचा धडा विसरू नये. छापखाना, रुग्णालयातील नोंदणी कक्ष, वकिलाचे कार्यालय, सहकारी पतसंस्था, शाळा, वृत्तपत्र, ग्रंथालय अशा ठिकाणांची यादी विभागाने करावी, दरवर्षी नवी करावी आणि ती सूचनाफलकावर लावावी. यादी एकाच प्राध्यापकाच्या डोक्यात राहिली की तिचाही वशिला होतो.

समारोप

दफ्तरातला कारकून, मतबातला शागीर्द, दिल्ली कॉलेजचा अनुवादक, कलाभवनाचा विद्यार्थी हे सारे काम करता करता शिकले. त्यांच्यापैकी पहिले दोघे बहुधा घराण्याच्या बळावर आत आले. नंतरच्या दोघांना संस्थेने आत घेतले. हा फरकच आपल्या महाविद्यालयांचे कारण आहे. अंजुमन-ए-इस्लामसारखी संस्था १८७४ मध्ये मुंबईत उभी राहिली आणि तिने शाळेबरोबर पुढे साबू सिद्दीकसारखे तंत्रशिक्षणही हाती घेतले, ते याच जाणिवेतून. आज श्रेयांकांचा नियम आयता हाती आला आहे. तो रकाना भरून मोकळे होण्यासाठी वापरायचा, की ज्याच्यामागे कोणी नाही त्या विद्यार्थ्याच्या मागे उभे राहण्यासाठी, हे विद्यापीठ ठरवणार नाही. ते प्रत्येक विभागातील दोन-तीन प्राध्यापकच ठरवतील.